विभूतीचं झाड

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी तुर्भ्याच्या मोकळ्या प्लॉटवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रकवाले, हमाल, सोसायटीतल्या बायका, सगळे एका पुरुषभर उंच झाडासाठी ताटकळले होते. न पेरता उगवलेल्या त्या झाडाच्या शेंड्यावर म्हणे आपोआप विभूती येते! गेल्या गुरुवारी पुसली, आज पुन्हा हजर.

"देखो बेटा, सायन्स फेल!" भस्मानंद महाराजांनी शेंड्याची पानं बोटांनी पुसून घेतली आणि तीच पांढरी बोटं सयाजी हमालाच्या कपाळावर ओढली. "छातीचा आजार ना? गोळ्या बंद. पाच गुरुवार फक्त विभूती. टेन्शन नाय लेने का!"

सयाजीने भक्तिभावाने मान डोलावली. शेजारी उभी त्याची बायको उज्वला मनात महिने मोजू लागली. टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या. झाले होते जेमतेम दोन.

ती मार्केटात पालेभाजी निवडायची. सयाजीच्या कपाळावरची ही पांढरी भुकटी हिवाळाभर तिच्या बोटांना लागलेली असे. हा तर चाकवत! पण मार्केटात येतो तो वीतभर, कोवळा, जुड्या बांधलेला. असा फुलोऱ्याला आलेला, लालसर खोडाचा कोण ओळखणार? सयाजी तर बंद पोती वाहायचा.

"आवं, ह्यो चाकवत हाय," ती कुजबुजली.

"गप! देवाला भाजी म्हन्तीस?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने नवसाचा म्हणून लाल दोरा काढला आणि पुसलेल्या पाच पानांच्या देठांना बांधला. महाराज खूश झाले. "भक्ती बघा बाईची!"

आठ दिवस तिच्या जिवाला थारा नव्हता. खोकला वाढला, संध्याकाळी त्याचं अंग तापू लागलं. गोळी पुढे केली की तो तोंड फिरवायचा आणि तिला रागाने रडू यायचं.

पुढच्या गुरुवारी शेंडा पुन्हा पांढरा! जयजयकार सुरू होताच उज्वला पुढे घुसली.

"म्हाराज, दोऱ्याची पानं दावा की!"

लोक वाकले. दोरा बांधलेली पाचही पानं हिरवीगार होती. पांढरी होती ती त्यांच्या वर नव्याने फुटलेली. उज्वलाने पिशवीतून चाकवताची न धुतलेली जुडी काढून नवऱ्याच्या तळहातावर चोळली. तळहात पांढरा झाला.

"आज तुमीच वाहिलेल्या पोत्यातली हाय. कोवळ्या पानावर ही भुकटी असतीच. पुसल्या पानावर परत येत न्हाई, नवं पान ती घेऊनच फुटतं."

"पाप लागेल!" महाराज ओरडले. पण गर्दीतून कुणीतरी हसलं, आणि ते हसू पसरत गेलं.

सयाजी हाताकडे बघत राहिला. "आठ दिस फुकट गेलं की गं."

"गेलं. आता दवाखान्यात चला, डॉक्टरला खरं सांगा." ती गर्दीकडे वळली. "आनि तुमी बी ऐका. परीक्षा घ्यायची तर म्हाराजाची घ्या. औषध थांबवून आपल्या जिवाची घेऊ नका!"

दवाखान्यात रांग मोठी होती. सयाजीच्या मागे प्लॉटवरचेच दोघे येऊन उभे राहिले, मान खाली घालून. गोळ्या त्यांनीही थांबवल्या होत्या.