क्रॉसबो, हिंग आणि शनिवारची दुपार

आमच्या घरी साधा मिक्सर घ्यायचा तरी तीन आठवडे चर्चा चालते. त्यामुळे क्रॉसबोवर दीड महिना गेला यात नवल नाही. पण हरणांच्या शिकारीचा सीझन माझ्यासाठी थांबणार होता थोडाच!

सुरुवात सियाने केली. माझी लेक, सतरा वर्षांची. शेजारच्या डार्लीनने तिला धनुष्यबाण चालवायला शिकवलं आणि आता दोघी दर शनिवारी डार्लीनच्या भावाच्या शेतावर शिकारीला जातात. आम्ही मूळचे नागपूरचे. आमच्याकडे अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडायचं, आणि ही बया इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या माझ्या फ्रीझरमध्ये हरणाचं मटण आणून ठेवते! मी आधी खूप आरडाओरडा केला. मग दमले.

सप्टेंबरात ती म्हणाली, "आई, तू पण चल ना. गेट अ क्रॉसबो. बंदुकीसारखा चाप ओढला की बाण सुटतो, धनुष्यासारखं ताणून धरावं लागत नाही. युअर शोल्डर विल बी फाइन."

माझा आखडलेला खांदा पोरीच्या लक्षात होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पुढच्या ऑगस्टला ही कॉलेजला जाणार. मग कुठले शनिवार नि कुठली सिया! जायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. फक्त क्रॉसबो कोणता, ते ठरेना.

वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय मी, अशी बरी घेईन! एक्सेल उघडलं. वजन, आवाज, रिव्ह्यूज, रिटर्न पॉलिसी. एकाचा आवाज फार, दुसरा जड, तिसऱ्याला कुण्या टेक्सासवाल्याने एकच स्टार दिलेला. त्यात माझा नवरा केदार म्हणाला, "दसऱ्याला घे ना, मुहूर्त आहे. शस्त्रपूजेत ठेवू." दसरा आला. पाटावर दरवर्षीसारखा लॅपटॉप आणि विळी. मग म्हटलं, दिवाळीच्या सेलला बघू.

सियाने मात्र विचारणं सोडून दिलं. शनिवारी जेवली की "बाय, आई" म्हणून निघायची. मला ते लागायचं. पण बोलणार काय? माझंच एक्सेल संपत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी चिवडा डब्यांत भरत होते. ती बूट घालत होती. मी हातातला डाव ठेवला. "सिया, मी नुसती आले तर चालेल? हातात काही नसताना?"

ती वळली. "फॉर रिअल? कम ऑन, जॅकेट घाल!"

अंगणात डार्लीनची गाडी सुरूच होती. शेतावर डार्लीन पलीकडच्या टोकाला गेली. आम्ही दोघी झाडीतल्या छोट्या तंबूत दोन घडीच्या खुर्च्यांवर बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. हे कुणाला, तर मला! तासाभराने समोर खरंच हरीण आलं. सियाने धनुष्य उचललं. हरणाने नाक वर केलं, आमच्याकडे बघितलं आणि शेपटी उडवून जे पळालं!

सियाने माझी बाही नाकाशी नेली. "आई! हिंग!"

शिकारीचे कपडे ही मुलगी बिनवासाच्या साबणाने धुते, आणि मी चिवड्याच्या फोडणीचा वास बसलेलं जॅकेट घालून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी गं बाळा. क्रॉसबो आणला असता तरी मी घोळच घातला असता."

ती पोट धरून हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "आई, आय डिडन्ट केअर अबाउट द क्रॉसबो. नुसतं 'चल' म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, काम आहे. काही विकत घ्यायचं असलं की तू सीरियस होतेस."

खरं होतं ना ते! माझ्या खिशात चिवड्याची पुडी होती, ती काढून मी तिच्यापुढे धरली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी कुरुमकुरुम खात, गप्पा मारत बसलो. हरणांना तेवढीच सुट्टी.

घरी आल्यावर केदारने विचारलं, "मग, कोणता फायनल?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि जॅकेट सियाच्या त्या बिनवासाच्या साबणात भिजत घातलं. पुढच्या शनिवारी वाळलेलं हवं.