ओठांवरची हाक

संयुक्त महाराष्ट्र मिळाला त्याच महिन्यातल्या एका रविवारी कोंडीरामने मित्राची मोटारबोट मागून आणली आणि लालबागच्या चाळीतून थोरला भाऊ रामदास आणि वहिनी बकुळा यांना घेऊन तो घारापुरीला निघाला. सुकाणू त्याच्या हातात, इंजिनापाशी रामदास.

"वहिनींना कशाला पुढे बसवतोस, दादा? गिरणीत कान गेलेत त्यांचे," तो धक्क्यावरच म्हणाला होता. बकुळाने ते लक्षात ठेवलं.

बेट जवळ आलं तेव्हा ओहोटी होती. किनाऱ्यावरून एक कोळीण हात हलवत ओरडत होती. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना. बोलावतेय असं समजून कोंडीराम खुशीत सरळ तिच्याकडेच निघाला. बकुळा तिच्या ओठांकडे बघत होती. यंत्रमागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बाया अशाच ओठ वाचून बोलतात. "खडक," कोळीण म्हणत होती.

बकुळाने वळून हवेत मूठ फिरवली. मशीन बंद करायची ती गिरणीतली खूण रामदासला सवयीची. त्याने इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. बोट मंदावली आणि समोर हातभरावर काळा खडक दिसला.

कोंडीराम पांढराफटक पडला. "ऐकू आलं तुम्हाला, वहिनी?"

"नाही," बकुळा उभी राहत म्हणाली. "आता माझ्या हाताकडे बघ, आणि मी सांगते तशी बोट वळव."