पोटात कोणी नाही

पर्पेतुआच्या अंगाची खाज काही केल्या थांबेना. कडुलिंबाखाली जंतांच्या गोळ्यांसाठी रांग लागली होती, आणि ही बया एका जागी उभी राहील तर शपथ! मांडी खाजव, मान खाजव, पुन्हा मांडी. नदीकाठच्या काळ्या माश्या चावल्या की कातडीखाली जंत होतात आणि मग ते डोळ्यांत उतरतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या सासूचे, क्लोतिल्दाचे, डोळे असेच गेले. आणि आताशा पर्पेतुआच्याही डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले होते.

गोळ्या वाटणारा येलपाला दरवर्षीसारखा खुणांची काठी घेऊन उभा. काठीला पाठ लावायची, उंचीप्रमाणे गोळ्या घ्यायच्या, त्याच्यासमोरच गिळायच्या. गरोदर बायांना मात्र गोळ्या नाहीत. त्यामुळे कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याच्या आधी रांगेला कळायचं.

"हिला नको हं!" क्लोतिल्दा मागून ओरडली. "पोटुशी आहे माझी सून!"

"अखेर बायोरला जमलं म्हणायचं!" बायका खिदळल्या.

पर्पेतुआचं तोंड उतरलं. सासूनं आपल्या मुलासाठी, बायोरसाठी, दुसरी बायको आणायचं काढलं, तेव्हा घाबरून तीच खोटं बोलून गेली होती. आता गोळ्या घ्याव्यात तर खोटं उघडं, न घ्याव्यात तर डोळे जायचे.

"बाजूला हो वहिनी," येलपाला म्हणाला. "पुढच्या वर्षी ये."

"तोवर मला तू दिसशील का रे?" ती उसळली आणि काठीला पाठ लावून उभी राहिली. "दे गोळ्या. पोटात कोणी नाही माझ्या."

 तिनं गोळ्या गिळल्या, सासूचा हात धरला आणि तडक घर गाठलं. 

जंत मरायला लागले की खाज दुप्पट होते. संध्याकाळी पर्पेतुआ भिंतीला पाठ घासत तळमळत होती. तेवढ्यात क्लोतिल्दा चाचपडत आली आणि तिच्या पाठीला शिया नावाच्या झाडाच्या बियांचं तेल चोळू लागली.

"खोटारडी! चारचौघांत नाक कापलंस माझं."

"मग पाठवा ना मला माहेरी!"

"गप बस. नातू मला हाताला धरून नेईल, म्हणून मी नाचत होते. तूच आंधळी झालीस तर त्याला कोण बघणार, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही." म्हातारीचा हात थांबला नाही. "दुसरीचं मीच काढलं होतं, मीच मिटवते. बायोर आला की तू तोंड उघडू नकोस. कुठं खाजतंय? इथं?"

"जरा खाली, आई," पर्पेतुआ म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.