पुढचं ऑइल

"उठा, उठा, गाडी लागली."

लहानपणी ऊसतोडीच्या फडावर ऐकलेला मुकादमाचा तो आवाज सत्यभामाला अजून पहाटे जागं करायचा. तेव्हा ती उसाच्या पाचटात निजलेली असायची, आणि आई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून वर चढत असायची.

लग्नानंतर तीच फळी तिच्या पायाखाली आली. पण गेला हंगाम संपवून परतल्यावर वस्तीतल्या बायकांनी दूध संस्था काढली, जुना पिकअप घेतला, आणि सत्यभामा गाडी शिकली. यंदा आभाळ कोरडंच गेलं. चारा संपला, दूध घटलं, तरी रोज पहाटे बायका कॅन घेऊन उभ्या असत आणि पिकअप घोटाभर फुफाट्यातून वाट काढत बीडला दूध पोचवी.

उद्या मुकादम नव्या हंगामाची उचल वाटायला वस्तीवर येणार होता. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सत्यभामा गाडीची चावी दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन फडावर येणार, हे तिच्या नवऱ्यानं, राधाकिसननं, धरूनच ठेवलं होतं. 'न्हाई' हा शब्द तिच्या ओठाशी कितीदा आला आणि भाकरीच्या घासाबरोबर आत गेला.

आज दूध पोचवून येताना तिनं गाडी वाटेवरच्या शिरूरला म्हाळूच्या गॅरेजात घातली. म्हाळू तिच्या माहेरचा. बाजारातून राधाकिसनही तिथंच आला, पोत्यात दोन नवे कोयते गुंडाळून.

ऑइल बदलायला निघालेत म्हटल्यावर तो चकित झाला. कंपनीनं सांगितलेलं अंतर निम्मंच झालं होतं. सत्यभामानं सांगितलं, ते अंतर डांबरी सडकेवरच्या गाडीचं. ही धूळ खाती, वझं वाहती, दारोदार इंजिन चालू ठिवून उभी ऱ्हाती. हिला निम्म्यातच बदलावं लागतं. बोलता बोलता तिनं एअर फिल्टर काढून आपटला. जात्याभोवती पीठ पडावं तशी धूळ पडली.

"आता जायाचंच हाय तर एवढं कशापायी झिजतीस?" राधाकिसन म्हणाला. "नवा ड्रायव्हर बघंल की."

म्हाळू गाडीखालून म्हणाला, "दाजी, आक्का गाडीला जेवढं पुसती तेवढं तुमाला पुसलं असतं तर तुमीबी चकाकला असता."

राधाकिसन हसला. सत्यभामा हसली नाही. काळंकुट्ट ऑइल घमेल्यात उतरत होतं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग नवा फिल्टर बसला, नवं ऑइल मधासारखं संथ आत गेलं. रेडिएटर, पट्टा, ग्रीस, तिनं सगळं स्वतः हात लावून पाहिलं. गाडी सुरू केली, बंद केली, मापाची पट्टी काढून पुन्हा ऑइल पाहिलं.

"बरोबर हाय," म्हाळू हात पुसत म्हणाला. "आता पुढचं ऑइल माघात. गाडी कोण आणील, आक्का?"

"तवा आमी दोघं फडावर असू," राधाकिसननं परस्पर सांगितलं. "संस्थावाल्या धाडतील कुणाला तरी."

सत्यभामानं बॉनेट खाली दाबलं. ते नीट बसलं का, ते दोन्ही हातांनी पाहिलं. मग ती नवऱ्याकडं वळली.

"माघात गाडी मीच आणणार," ती म्हणाली. "अवं, लई दिस झालं, सांगायचं ऱ्हातंय. मी फडावर येणार न्हाई."