वरच्या फळीवरचा तुंबा

मी तुंबा बोलतोय. भोपळा म्हणालात तरी राग नाही, गाडीतले सगळे तेच म्हणत होते. दुधी भोपळा वेलावरच पिकू दिला, कडक वाळवला आणि आतून पोकळ केला, की त्याचा पाणी ठेवायचा तुंबा होतो. मला तोंड आहे, पोट आहे. माझ्यातून कोणी पाणी प्यालं की माझा आवाज येतो, डुब, डुब, डुब. एवढंच माझं बोलणं. आज थोडं जास्त बोलतो.

माझा जन्म सिद्धगडाच्या पायथ्याशी, एका वाडीत, मंगळूच्या घराच्या छपरावर झाला. वेल आयेने लावला होता. ती रोज खालून माझ्याकडे बघायची आणि भाजीचा विचार करायची. मंगळू म्हणायचा, "आये, त्याला हात लावू नको. तो माझा हाय."

"मग खायाचं काय आज? तुझं डोस्कं?"

माझी भावंडं एकेक करून कालवणात गेली. मी राहिलो. वेल सुकला तरी मी छपरावर तसाच उन्हात पडून. हलका झालो, टणक झालो. मग मंगळूने मला उतरवलं, मानेशी कापलं, आत पाणी आणि बारीक खडे घालून खूप हलवलं. माझ्या पोटातला सगळा कुजका गर त्याने असाच धुऊन काढला. मला गुदगुल्या होत होत्या की दुखत होतं, ते अजून कळलेलं नाही.

पहिलं पाणी कडू लागलं. मंगळूने तोंड वाकडं केलं आणि आपल्या धाकट्या भावाला, धोंडीला म्हणाला, "घे, पी. साखर हाय साखर." धोंडी प्याला, थुंकला आणि त्याच्या मागे धावला. दोघं अंगणात लोळेपर्यंत भांडले. मी पायरीवरून बघत होतो. भांडण म्हणतात ते हेच, असं मला तेव्हा वाटलं. पुढे खरी भांडणं बघितली तेव्हा फरक कळला.

मंगळूने मला घायपाताच्या दोरीचं जाळं विणलं, सागाचं बूच केलं. शहरातून पोरं गड चढायला यायची, त्यांना तो वाट दाखवायचा. मी त्याच्या खांद्यावर. पोरांकडे रंगीत बाटल्या असायच्या. अर्ध्या वाटेत त्या बाटल्यांतलं पाणी गरम व्हायचं आणि मग सगळे माझ्याकडे वळायचे. "दादा, तुमचं पाणी इतकं गार कसं?" मंगळू हसायचा. आधी पाहुणे, मग तो, आणि शेवटचा घोट धोंडीचा. तो कधी कोणाला दिला नाही. कोणी मागितला तर म्हणायचा, "नाय रे, तो आमच्या बारक्याचा."

बारका शाळेत टिकला नाही, चढणीवरही मध्येच बसायचा. मग मंगळू मागे जाऊन त्याला दोन्ही हातांनी ढकलायचा.

"ढकलू नको दादा, चढतो मी!"

"चढ की मग! रेड्यासारखा उभा काय राहतोस?"

एकदा धुक्यात वाट चुकलेल्या अमोलला मंगळूने खाली आणलं. तेव्हापासून अमोल घरचाच झाला. पुढे त्याला तिकडे विदर्भात, चिखलदऱ्याला नोकरी लागली. त्याने फोन केला, "तुम्ही मला तुमचा डोंगर दाखवलात. आता माझा बघायला या." दोघांची रात्रीच्या गाडीची तिकिटंही काढून पाठवली.

घरात तेवढाच विषय झाला. रात्रभर झोपायचं आणि उठायचं ते डोंगराजवळ! आमच्याकडे डोंगर पायांनी गाठतात. झोपेत गाठायचा डोंगर कसा असेल, याचा मीही विचार करत होतो. मंगळूने जाहीर केलं, "वरची फळी माझी. वर झोपलं की किडा-मुंगी नाय, साप नाय."

साप आधीच आला. दोघे भाऊ जमिनीवर शेजारी शेजारी झोपले होते. मण्यार मंगळूला चावली. धोंडीला नाही. मुरबाडच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच मंगळू गेला.

मी खुंटीला होतो. मला सगळं दिसत होतं आणि मी फक्त तुंबा होतो.

आमच्या वाडीत माणूस गेला की बाराव्याला त्याचं पाण्याचं भांडं फोडतात. नाही फोडलं तर गेलेला माणूस तहानेने पुन्हा पुन्हा दारात येतो, असं मानतात. बाराव्याला मला दगडावर ठेवलं. मामाने दुसरा दगड उचलला. तेवढ्यात धोंडीने झडप घालून मला पोटाशी धरलं.

"अरे, तो परत येईल ना तहानेनं!" आये ओरडली.

"मग येऊ दे ना! येऊ दे तहानलेला! मला चालंल!"

मामाचा दगड हातातच राहिला. आये खाली बसली. तिच्याकडे बघून धोंडीचाही आवाज उतरला. तो म्हणाला, "आये, तिकीट हाय त्याचं. त्याला गाडीत झोपवतो, तो डोंगर दाखवतो. तिथंच फोडून येतो. तुझी शपथ."

म्हणजे मी निघालो होतो तो माझ्या फुटण्याच्या जागी. तरी खरं सांगतो, मला गाडी बघायची होती.

निघताना धोंडीने मला गडाच्या वाटेवरच्या झऱ्यावर भरलं. स्वतः माझ्यातून प्याला नाही. मंगळू गेल्यापासून तो माझ्यातून पीतच नव्हता. एसटीने कल्याण, आणि कल्याणहून अंधार पडल्यावर गाडी.

डब्यात माणसं आपल्या चपला उशाशी घेऊन झोपतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. पिशव्यांना साखळ्या बांधतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला घरातलं सगळं सांगतात. डबे उघडले की एकमेकांच्या डब्यात बघतात, मग "घ्या ना" म्हणतात, मग "नको नको" म्हणतात, मग घेतात. धोंडीने कोणाचं काही घेतलं नाही. त्याने मला वरच्या फळीवर ठेवलं, अंगावर मंगळूचा टॉवेल घातला, आणि स्वतः मधल्या फळीवर पाय पोटाशी घेऊन बसला.

बाजूच्या अर्ध्या सीटवर कुंडलिक नावाचे एक म्हातारे होते. लेकीकडून अमरावतीला परत चालले होते. त्यांना झोपायला फळी मिळाली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काय गा पोरा, भोपळ्याचं तिकीट काढलं काय?"

सगळे हसले. धोंडी म्हणाला, "हां, काढलंय."

"मंग त्याले खिडकी तरी द्याची!"

टीसी आले. त्यांनी धोंडीच्या फोनमधलं तिकीट बघितलं. "मंगळू कोण? कुठंय?"

धोंडीने वर बोट केलं. पुन्हा हशा. टीसी चिडले. "चेष्टा करतो का? माणूस आला नसेल तर बर्थ दुसऱ्याला द्यावा लागतो." मग त्यांचं लक्ष धोंडीच्या नुकतेच केस काढलेल्या डोक्याकडे गेलं. ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "कोण?"

"भाऊ. मोठा."

टीसींनी पेन खिशात ठेवलं. "इगतपुरीपर्यंत राहू दे. पुढं बघू," म्हणाले आणि गेले. बाकीच्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

आसनगाव गेलं, उंबरमाळी गेलं. धोंडी खिडकीला नाक लावून अंधारात आपला मुलूख शोधत होता. कसाऱ्याला गाडी थांबली. जरा वेळाने मागून दणका बसला आणि मी फळीवर गडगडलो. धोंडी ताडकन उठला. "काय झालं?"

"काही नाही बाप्पा," कुंडलिक म्हणाले. "मांगून इंजिन लावलं. घाट आहे ना. एकल्या गाडीच्यानं चढवत नाही."

"मागनं ढकलतं?"

"हो. घाटाच्या माथ्यापर्यंत."

"मग?"

"मंग काय, सोडून देतेत त्याले. ते जाते वापस, दुसऱ्या गाडीले ढकलाले."

धोंडी दाराकडे गेला. वळणावर ते मागचं इंजिन दिसतं का ते बघत राहिला असेल. मला दिसलं नाही, पण ढकलणं कळत होतं. मागून एकसारखा जोर येत होता. मला तो ओळखीचा वाटला.

इकडे कुंडलिकांनी गोळी तोंडात टाकली आणि बाटली उचलली, तर ती रिकामी. गोळी अडकून तोंड कडू झालं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. सगळे झोपलेले. माझी दोरी फळीवरून खाली लोंबत होती. त्यांनी ती ओढली, बूच काढलं आणि मला तोंडाला लावलं.

डुब, डुब, डुब.

किती दिवसांनी माझा आवाज मला ऐकू आला! दारातून धोंडी धावत आला. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू या घाटात, या डब्यात त्याला त्याचा दादाच भेटणार होता. मग त्याला कुंडलिक दिसले. त्याने मला हिसकावलं, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्याची कॉलर धरली.

"कोणाला विचारून प्यालास?"

"अरे, गोळी अटकली होती पोरा. पाणी काय कोणाले विचारून पेतेत?"

"मेलेल्या माणसाचं हाय ते! माझ्या भावाचं!"

डबा जागा झाला. कोणीतरी दिवा लावला. कुंडलिकांनी धोंडीच्या डोक्याकडे बघितलं, वरच्या फळीवरच्या टॉवेलकडे बघितलं. कॉलर सोडवून घेतली नाही.

"मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी हसलो मघाशी." मग म्हणाले, "माहा लेक गेला तवा मी बसथांब्यावर त्याच्या नावानं पाणपोई लावली. दर उन्हाळ्यात लावतो. लोकं पेतेत, चालले जातेत. त्याहिले त्याचं नावही माहीत नाही. तुह्या भावाचं नाव काय गा?"

धोंडीचा हात सैल झाला. "मंगळू."

"मंगळूनं पाणी पाजलं मले. लय गार होतं."

तेव्हा धोंडी रडला. मंगळू गेला त्या दिवसापासून मी त्याला ओरडताना, धावताना, भिंतीवर डोकं आपटताना बघितलं होतं. रडताना हे पहिल्यांदा. कुंडलिक त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

इगतपुरीला गाडी थांबली. मागचा जोर सुटला. धोंडीने डोळे पुसले आणि म्हणाला, "बाबा, वर जाऊन झोपा."

"त्या फळीवर? नाही, नाही. तुह्या भावाची आहे."

"त्याला चालतं. पाहुणे आधी."

"अन हे गुडघे कसे चढतीन?"

"चढा तुमी. मी मागनं ढकलतो."

त्याने दोन्ही हात लावले आणि म्हाताऱ्याला वर ढकललं. मला छातीवर घेऊन तो झोपला, ते उजाडेपर्यंत.

सकाळी अमरावतीला अमोल घ्यायला आला होता. घाट चढून आम्ही चिखलदऱ्याला एका कड्यावर उभे राहिलो. खाली दरी, तिच्यात ढग, पलीकडे डोंगरामागे डोंगर. आमच्या डोंगरांपेक्षा गोल आहेत ते, आमचे कसे ताठ. धोंडी मला दोन्ही हातांत धरून चहूकडे फिरवत होता. "बघ," म्हणत होता. मी बघत होतो.

मग त्याने एक दगड निवडला. मी मनात तयार होतो. त्याने मला डोक्यावर उचललं, आणि माझ्या पोटात पाणी हललं. पोटभर पिऊनही कुंडलिकांनी घोटभर ठेवलं होतं.

शेवटचा घोट.

तो त्याला पिता येईना आणि सांडता येईना. मला तसाच वर धरून उभा राहिला. मग खाली बसला आणि अमोलचा फोन घेऊन वाडीत घराशेजारच्या समीक्षाला लावला. तिने आयेला दिला.

"आये, नाय फोडला."

"शपथ घेतलीस ना माझी?"

"गाडीत एक जण प्याला त्यातून. म्हातारा. आपला नाय, परका."

तिकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

"पोट भरून प्याला का?" आयेने विचारलं.

"हां. गार होतं म्हणाला."

मग आये म्हणाली, "तहानलेला माणूस दुसऱ्याला पाजंल का रे? आण त्याला. फोडू नको. घरी आण."

आता मी सिद्धगडाच्या वाटेवर असतो. पहिली खडी चढण संपते तिथे एक उंबर आहे, त्याच्या फांदीला टांगलेला. सकाळी धोंडी झऱ्यावरून मला भरून आणतो आणि मग शहरातल्या पोरांना घेऊन गडावर जातो. कोणी मागे राहिलं तर मागून ढकलतो. खाली आयेने यंदा पुन्हा वेल लावलाय. मला आता एक चीर गेली आहे. तिला राळ लावली आहे, तरी थोडा पाझरतो.

संध्याकाळी धोंडी मला उतरवतो. तळाशी राहिलेलं पाणी हलवून बघतो, मग उंबराच्या मुळाशी ओततो. अजून प्यालेला नाही. पण परवा त्याने मला तोंडापर्यंत नेलं होतं.

तुम्ही या वाटेने आलात आणि तहान लागली तर बूच काढा आणि प्या. कोणाला विचारू नका. फक्त तळाशी एक घोट ठेवा. तो बारक्याचा आहे.