पाहुणीची तालीम

आईने स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि पायपुसण्यावर अवघडून उभी राहिली. जिना चढणाऱ्या शेजारच्या काकू थबकल्या.

"काय गं, लेकीनं घराबाहेर काढलं की काय?"

"पाहुणी आहे मी, काकू. अजून आत घेतलेलं नाही."

काकू हसत वर गेल्या. आतून पावलांचा आवाज नव्हता. गरगर फिरणारं काही दिसलं की तहानभूक विसरणारी ही पोर, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. घरी कोणी आलं की काय करायचं, ते तिला एकेक पायरी करून शिकवणं चाललं होतं. दार उघडायचं, चेहऱ्याकडे बघायचं, 'कशी आहेस?' विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मागच्या वेळी वर्गातली मुलगी खेळायला आली, तेव्हा भिंगरीने प्रश्न विचारला आणि उत्तर न ऐकताच वॉशिंग मशीनपुढे जाऊन बसली. पाहुणी बिचारी कानकोंडी होऊन गेली. तीच मुलगी आज दुपारी पुन्हा येणार होती. भिंगरीला एक तरी मैत्रीण मिळावी, म्हणून आईने देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते.

शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "जमलं की लगेच हातावर एक बटण ठेवा. चुकलं तर रागवायचं नाही. शांतपणे 'पुन्हा' म्हणायचं आणि दारापासून सुरुवात करायची." बटणांनी वाटी भरली की मशीन फिरताना बघायला मिळे.

दार उघडलं. आईच्या खांद्यापलीकडे बघत भिंगरीने विचारलं, "कशी आहेस?"

"पुन्हा," आई म्हणाली. "चेहरा."

दार लागलं. तेवढ्यात आईचा फोन वाजला. त्या मुलीची आई होती, आवाज नको तितका गोड.

"अहो, आज नाही जमणार. खरं सांगू का, तिकडे कंटाळा येतो म्हणते ती. राग नका मानू हं."

"छे हो, राग कसला!"

फोन ठेवला आणि आईला भडभडून आलं. एवढी मेहनत पाण्यात गेली होती. पण आत पोर बेलची वाट बघत होती. आईने डोळे पुसले, उसनं अवसान आणलं आणि बेल वाजवली.

या वेळी भिंगरीने मान वर केली. नजर आधी आईच्या हनुवटीवर आली, मग हळूहळू डोळ्यांपर्यंत चढली.

"कशी आहेस?"

"मजेत!" आई तोंड भरून हसली आणि बटणासाठी खिशात हात घातला.

भिंगरीने हात पुढे केला नाही. ती बघतच राहिली. मग जराही न रागावता म्हणाली, "पुन्हा. चेहरा."

आणि दार लावून घेतलं.

हसावं की रडावं, आईला कळेना. बेलपर्यंत बोट न्यायला तिला बराच वेळ लागला.

"कशी आहेस?"

भिंगरी थांबली. उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

"वाईट वाटतंय गं," आई म्हणाली. "खूप."

भिंगरी आत गेली, वाटीतलं एक बटण घेऊन आली आणि ते आईच्या हातावर ठेवलं. मग दारातून बाजूला झाली.

"ये. खेळायचं?"

आईने चपला काढल्या आणि पाहुणीसारखी जपून आत गेली.