यंत्राला दिसलेला हात

चिंचखिंडीच्या देवळापुढे त्या गुरुवारी एवढी माणसं जमली होती, की दुष्काळी कामावर खडी फोडायला कुणी उरलं असेल असं वाटत नव्हतं. पाथर्डीकडून भरून आलेल्या जीपा, सोडलेल्या बैलगाड्या, उन्हात बसलेल्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची आजारी पोरं. गावात टँकर आठवड्यातून कधीतरी यायचा. पण त्याच्यापुढे लागायची त्यापेक्षा मोठी रांग त्या दिवशी एका फोटोपुढे लागली होती.

फोटो चौकटीत घालून देवळाच्या ओट्यावर ठेवलेला होता. बुक्का, हार, उदबत्त्यांचा धूर. धुरातून पाहिलं की आधी दिसायचा तो तळहात. पुढे आलेला, उघडा, देवळाच्या शिखराहून मोठा. एकेक बोट खांबाएवढं, तळव्यावरच्या रेघा शेताच्या बांधासारख्या. त्या हातामागे एवढ्याएवढ्या अंगाचे विराटबाबा बसलेले, आणि त्यांच्याही मागे खेळण्यातलं वाटावं असं हेच देऊळ.

शेजारी उभा राहून बाबांचा चेला मच्छिंद्र सांगत होता, "बघा माय, नीट बघा. म्या सांगत न्हाई, यंत्र सांगतंय. मानसाचा डोळा पापी. त्याला बाबांचा हात तुमच्या-माझ्यावानीच दिसतो. यंत्राला पाप न्हाई. जर्मनीचं यंत्र हाय. जे हाय ते त्यानं दावलं."

जर्मनीच्या यंत्राला पाप नसतं हे मला नवीन होतं. माझा जन्म यंत्रामागे गेलेला. शेवगावात बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. दारावर राधाकृष्ण हे माझंच नाव आहे, पण निम्मे लोक ते देवाचं समजून नमस्कार करून आत येतात. चिंचखिंडीत मी दर्शनाला नव्हतो आलो. माझी धाकटी बहीण लंका तिथे दिलेली. तिची लेक विजयमाला क्षयाने आजारी होती आणि तिच्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातून घेऊन मी दर महिन्याला जायचो. या खेपेला घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, मायलेकी देवळात गेल्यात.

रांगेत त्या दोघी मला दिसल्या. विजूचा नंबर आला तसा मच्छिंद्रने तो फोटो उचलून तिच्या छातीला लावला. मागून बाबांनी आपला साधा, मनुष्याच्या मापाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि लंकाला बजावलं, "औषध आन हात एका अंगात नांदत न्हाईत. सुया बंद, गोळ्या बंद. मग बघ."

लंकाने हातातली कागदी पुडी ओट्यावर वाहिली. ती मागच्या महिन्यातली उरलेली औषधं होती.

आता त्या फोटोचं सांगतो, कारण तो कुठल्या लेन्सने काढलाय हे मी पाहताच ओळखलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईला मी वाइड अँगल लेन्स घ्यायला गेलो होतो. आमच्याकडे लग्नातल्या ग्रुप फोटोला एक अट असते. पाय कापायचे नाहीत. फोटोत ज्याचे पाय तुटले त्याचा त्या घरातला पाय निघाला, असं म्हाताऱ्या सांगतात आणि फोटो परत करतात. अंगण टीचभर, भावकी गावभर. मागे सरकावं तर पाठीला गोठ्याची भिंत. नेहमीच्या लेन्समध्ये एवढी माणसं पायांसकट मावायची कशी? म्हणून मला जास्त रुंद बघणारी लेन्स हवी होती.

दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. एक पस्तीस मिलिमीटरची, एक अठ्ठावीसची. आकडा जितका लहान तितकी नजर रुंद, एवढं साधं गणित. अठ्ठावीसची लावून पाहिली आणि अख्खी गल्ली डोळ्यात आली. मी खूश झालो. तेवढ्यात दुकानदाराने चहाचा कप पुढे केला आणि त्याचा हात मुसळासारखा माझ्या अंगावर आला. कप घागरीएवढा. हाताच्या मागे दुकानदार मात्र कुठल्या कुठे बसलेला. कडेला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं भोपळ्यासारखं ताणलेलं. मी म्हटलं, व्याह्यांचं डोकं असं आलं तर लग्न मांडवात मोडेल. मी पस्तीसची घेतली. तिच्यात गर्दी मावते आणि माणसं माणसांसारखी राहतात.

ज्या दोषासाठी मी ती लेन्स नाकारली, त्याच्याचसाठी बाबांच्या माणसाने ती निवडली होती. त्याचं कसब मी नाकारत नाही. कॅमेरा तळहाताजवळ धरलेला, बाबांचा हात ताणून पुढे, बाबा हातभर मागे, देऊळ लांब. भर उन्हात, लेन्सचं छिद्र बारीक ठेवून काढल्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही धारदार. कुठेच काही पुसट नाही, म्हणून शंका घ्यायला जागा नाही.

घरी आल्यावर मी लंकाला हे सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती.

"दादा," ती म्हणाली, "तूच म्हनतोस ना, फोटू खोटं बोलत न्हाई? माझ्या लग्नात आहेर दिलाच न्हाई म्हनून सासरा भांडला, तवा तूच आहेराचा फोटू दावलास आन सासऱ्याचं तोंड बंद केलंस."

"तो फोटो वेगळा, लंके."

"यंत्र तेच ना?"

विजू भिंतीला टेकून बसली होती. खोकल्याची उबळ ओसरल्यावर तिने एक बोट डोळ्यापुढे धरलं आणि दारातून दिसणाऱ्या गर्भगिरीच्या डोंगराकडे पाहिलं. "मामा, हे असंच न्हवं? बोट जवळ आनलं की डोंगर झाकतो. म्हून काय बोट डोंगराएवढं झालं व्हय?"

पोरगी सातवीपर्यंत शिकलेली. मला वाटलं, एवढ्या एका वाक्यावर सगळी चिंचखिंड शहाणी होईल. किती मूर्ख आशा होती ती.

नगरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडे अठ्ठावीसची लेन्स होती. ती मागून आणली आणि मधल्या सोमवारी चिंचखिंडीत जाऊन फोटो काढले. भिमाजी म्हातारा गावात मानाचा. त्याचा पाय काढला. धोंड्यावर बसवून तळवा लेन्सपुढे, मागे वेस. एका बोकडाचं तोंड काढलं. आणि लंका म्हणाली, माझा हात काढ, माझ्या हातात काय देव हाय? तिच्या मनात शंका शिल्लक आहे हे पाहून मला बरं वाटलं. शेवगावला येऊन फोटो धुतले, मोठे केले आणि गुरुवारी पुन्हा देवळापुढे हजर झालो.

बाबांनी मला ओट्यावर चढू दिलं. फोटोवाला आला, आणखी फोटो काढील, असं त्यांना वाटलं असणार. मी आधी बोकड दाखवला. देवळाहून मोठं थोबाड, दाढी हवेत. लोक खळखळून हसले. मग भिमाजीचा पाय. वेशीच्या कमानीत मावणार नाही असा. भिमाजी स्वतःच पुढे येऊन म्हणाला, "आरं, ही भेग माझीच हाय." मग लंकाचा हात दाखवला. बाबांच्या हातापेक्षा तो तसूभर मोठाच होता, कारण मी कॅमेरा आणखी जवळ नेला होता.

नंतर मी कॅमेरा लोकांच्या हातोहात फिरवला. ज्याला हवं त्याने डोळा लावून पाहावं. शेजाऱ्याला हात पुढे करायला सांगावं, मागे घ्यायला सांगावं. हात कसा फुगतो आणि कसा ओसरतो, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मच्छिंद्र घाम पुसत होता. मी शांतपणे सांगितलं, "काचेला जवळचं फार मोठं दिसतं आणि लांबचं फार लहान. यात बाबा नाहीत, देव नाही. कॅमेरा कुठे धरला, एवढाच प्रश्न आहे."

भिमाजी बाबांकडे वळला. "बाबा, हे कसं काय मग?"

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठून पळतील. पण त्यांचा धंदा माझ्या धंद्यापेक्षा जुना.

"लेकरांनो," ते हळू आवाजात म्हणाले, "हात माझा हाय असं म्या कदी बोललो? हात वरच्याचा. ज्याच्यात उतरंल त्याचा मोठा दिसंल. काल माझ्यात व्हता, आज ह्या माउलीत आलाय. यंत्र तेच सांगतंय. ह्या फोटूवाल्यानं एवढं लांबून येऊन तुमाला पुरावा दिला, त्याला नमस्कार करा."

आणि लोकांनी मला नमस्कार केला. माझ्या पाया पडले.

मी ओरडून सांगत होतो, बोकडाचंही तोंड मोठं आलंय, त्याच्यात कोण उतरलं? त्याचं उत्तर लोकांनी माझ्यादेखत शोधलं. बोकडाला गुलाल लावला आणि तो देवाला सोडला. त्याच्या मालकाने तो कापायचा नाही असं कबूल केलं. माझ्या सगळ्या खटाटोपात फायदा झाला तो एकट्या बोकडाचा.

लंका खाली बसली होती. स्वतःच्या तळव्याकडे एकटक पाहत होती. तिची शंका त्या क्षणी मेली, हे मला दिसलं. आजारी पोरं घेऊन बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. तिने आधी आपल्या लेकीच्या छातीवर हात ठेवला.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. लंकाचा नवरा गोरक्ष उसाच्या टोळीवर काष्टीच्या बाजूला होता. मी त्याला गाठायला गेलो. फडात पोचतो तर तो म्हणाला, "पाव्हणं, लंकीच्या हाताला गुन आलाय म्हनं. हितं समदे इचारत्यात." ती बातमी माझ्या आधी पोचली होती. मी त्याला बोकडाचा फोटो दाखवला. त्याने तो कपाळाला लावला.

मी विजूला म्हटलं, "पोरी, तू तरी चल. नगरला नेतो. तुला तर सगळं समजलंय."

"समजलंय मामा." ती फार हळू बोलायची आता. "पर मी तुमच्यासंगं आले तर लोक म्हनतील, लेकीचाच आईच्या हातावर इस्वास न्हाई. आईकडं रोज मानसं येत्यात. तिला बरं वाटतंय. बा घरी न्हाई, पानी न्हाई, कायबी न्हाई. एवढं एकच हाय तिच्यापाशी."

"आणि तुझं काय?"

तिने मी नेलेल्या गोळ्या उशाखाली ठेवून घेतल्या. मी गेल्यावर लंकाने त्या काढून घेतल्या, हे मला पुढच्या खेपेला कळलं. मी भांडलो, रडलो, बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं. तिने माझ्याही डोक्यावर हात ठेवला.

होळीच्या आत विजू गेली.

मातीला आलेल्या माणसांत बाबा नव्हते. मच्छिंद्र तो फोटो घेऊन डोंगराच्या पलीकडच्या गावांकडे गेला होता, असं कुणी म्हणालं. आता लंका शुद्धीवर येईल, माझ्या गळ्यात पडून म्हणेल की दादा, तुझं खरं होतं, असं मला वाटत होतं. तशी वाट पाहत मी तिच्याजवळ बसलो.

ती म्हणाली, "दादा, बाबांचा हात असता तर पोरगी वाचली असती. माझ्यात उतरलं त्ये मला सांभाळता आलं न्हाई. माझ्याच हातात खोट हाय."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. लेन्स, अंतर, बोट आणि डोंगर. विजूनेच ते सांगितलं होतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती आणि हात पदराखाली घेऊन बसली होती. तिच्यापाशी येणाऱ्या बाया आता येत नाहीत. चमत्कार ओसरला, पण तिची खात्री ओसरली नाही. तिच्या नणंदेला मुलगा झाला तेव्हा मी तिथेच होतो. बाळ लंकाच्या मांडीवर द्यायला लागले, तर ती मागे सरकली आणि भिंतीला जाऊन टेकली.

मला फोटोग्राफीपलीकडे फारसं काही येत नाही. जे येतं ते सांगतो. यंत्र खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला कुठे उभं केलं होतं ते यंत्र सांगत नाही. ते आपण विचारायचं असतं. कुणी फोटो पुढे करून हात जोडायला सांगितलं, तर आधी विचारा, कॅमेरा कुठे होता, लेन्स कुठली होती, आणि काढणाऱ्याला काय दाखवायचं होतं. उत्तर पटलं नाही तर हात जोडू नका. आणि काहीही दाखवलं, कुणीही दाखवलं, तरी आजाऱ्याच्या गोळ्या बंद करू नका. आमची विजू एका बोटात हे समजली होती. तिच्या घरातल्या मोठ्यांनी तेवढंच ऐकायला हवं होतं.